हात त्याचा, तोंड त्याचं

शरयूवहिनींना लहान मुलं आवडत नसत. हे त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगून टाकलं, आणि मी तर माझी नऊ महिन्यांची रेवा त्यांच्या पाळणाघरात ठेवायला घेऊन गेले होते.

"मुलं आवडणाऱ्या बायकांनी मुलांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कुणी केलं नसेल," त्या म्हणाल्या. "प्रेमानं भरवत बसतात. मला ती आवड नाही, म्हणून माझ्याकडे मुलं जेवायला शिकतात. ठेवायची तर ठेव. नाहीतर चौकात हव्या तेवढ्या मावश्या मिळतील. दिवसभर कडेवर घेऊन हिंडतील आणि संध्याकाळी गोधडीसारखी घडी करून परत देतील."

आम्ही अकोल्याहून बनारसला नुकतेच बदलून आलो होतो. नवरा रेल्वेत, मी बँकेत, आणि दोघांच्याही आयांनी "आम्हाला थंडी सोसत नाही" असं एप्रिलमध्येच कळवलेलं. तेव्हा गणपतीच्या वर्गणीसाठी आलेल्या एका मराठी गृहस्थांनी शरयूवहिनींचं नाव सुचवलं. "मुलांना उत्तम सांभाळतात, फक्त त्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नाही," असं ते म्हणाले. बनारसमध्ये एका मराठी माणसाची ओळख करून देताना दुसरा मराठी माणूस हे वाक्य नेहमीच जोडतो, म्हणून मी त्याच्याकडे विशेष लक्ष दिलं नाही.

वहिनींचं घर दुर्गाघाटाच्या एका गल्लीत तळमजल्यावर होतं. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर कोण मागे सरणार हे गाय ठरवी. दारावर पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण जेवणाच्या वेळी आतून येणारा भांड्यांचा आवाज ऐकून नवीन माणसाला ते तांबटाचं दुकान वाटे. वहिनी मुलींच्या इंटर कॉलेजात होम सायन्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उंच, सडपातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि साडीच्या निऱ्या अशा कडक की बसताना त्यांनाही निऱ्यांची परवानगी काढावी लागत असेल. आजी म्हणावं असं त्यांच्यात काहीही नव्हतं. गल्लीतली सत्तरीतली माणसंही त्यांना वहिनी म्हणत आणि ज्यांना नुकतं बोलता यायला लागलं होतं ती मुलंही "वैनी" म्हणत.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "हात त्याचा, तोंड त्याचं. मधे तुमचं काय काम?"

पद्धत अगदी सोपी होती आणि म्हणूनच कुणाला पटत नसे. मुलांना भिंतीला पाठ टेकून, पाय जमिनीला लागतील अशा बैठ्या खुर्च्यांवर बसवायचं. पुढ्यात जड बुडाची, उभ्या काठाची वाटी, म्हणजे ती उलटत नाही आणि घास काठाला रेटून चमच्यात घेता येतो. चमचा आखूड, दांड्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे मुठीत नीट बसतो. जेवण घट्ट हवं. मऊ खिचडी, दहीभात, कुस्करलेला बटाटा. "पातळ वरण चमच्यानं खायला देणं म्हणजे मुलाला हरवायचं ठरवूनच बसणं आहे," त्या म्हणत. एक चमचा मुलाच्या हातात, एक त्यांच्या. त्या आपला चमचा भरून मुलाच्या वाटीत ठेवत आणि त्याचा रिकामा उचलून घेत. भरलेला चमचा तोंडापर्यंत न्यायचा की शेजारच्याच्या कानापर्यंत, हा प्रवास ज्याचा त्याचा.

पहिल्या आठवड्यात मी रोज बँकेतून धावत जात होते आणि दारातूनच विचारत होते, "जेवली का?"

"तिचा फ्रॉक जेवला," वहिनी सांगत. "खालची फरशी पोटभर जेवली. मांजरीनंही थोडं घेतलं. तुझ्या मुलीनं चव बघितली."

"मग तिचं पोट?"

"तिच्याच पोटात आहे. भूक लागली की कळवेल. तिला आवाज आहे, मी ऐकलाय."

मी घरी आणून रेवाला चोरून भरवलं का, हा प्रश्न त्या मला दुसऱ्या दिवशी विचारत नसत. फक्त तिच्याकडे बघून म्हणत, "काल घरी दावत झालेली दिसते." महिनाभरानं एका रविवारी रेवानं माझ्या हातातला चमचा ओढून घेतला, वाटीत खुपसला, वर आणला, वाटेत निम्मा सांडला आणि उरलेला तोंडात घातला. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी बदली झाल्याचा हुकूम तिनं नुकताच काढला होता. मी वहिनींना हौसेनं फोन केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता तू काय करणार रविवारचं?"

आयांशी त्या जसं बोलत त्याहून जास्त प्रेमानं बापांशी बोलत. एका इंजिनीयर बापानं ऑनलाइन मागवलेला चमचा आणला. घास गरम असला की त्या चमच्याचा रंग बदलत असे. सोबत खालून चिकटणारी वाटीही होती. त्यानं वहिनींना ती चिकटवून दाखवली, ओढून दाखवली. वहिनींनी सगळं शांतपणे पाहिलं.

"चमचा रंग बदलतो?"

"हो, एकदम टेक्निकल आहे."

"वाटी जागची हलत नाही?"

"अजिबात नाही."

"छान. म्हणजे आता तुमचा बाबू सोडून सगळे आपापलं काम करतात."

या वहिनींची खरी परीक्षा मोघेकाकूंनी घेतली. मोघे म्हणजे त्याच गल्लीतलं याज्ञिकांचं घर. घरात काकू, त्यांचा मुलगा गजानन, सून मृण्मयी आणि नातू शंतनू. गजानन राजाघाटावर यात्रेकरूंची श्राद्धं, तर्पणं करीत असे. लोकांच्या तीन पिढ्यांना तो पिंड देत असे, पण घरी स्वतःचा भात त्याला कुणीतरी कालवून द्यावा लागे. लग्नाआधी ते काम काकूंकडे होतं, लग्नानंतर ते सुनेकडे आलं. उशिरा झालेला, नवसाचा एकुलता नातू मात्र काकूंनी कुणाकडे दिला नव्हता.

शंतू दोन वर्षं पार करून गेला होता आणि आपल्या हातानं त्यानं अन्नाला स्पर्श केला नव्हता. त्याचं जेवण घाटावर होत असे. काकू एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात शंतू घेऊन पायऱ्या उतरत आणि मग नदी, आकाश आणि पर्यटन विभाग मिळून त्याला जेऊ घालत. हा घास नावेचा. हा घास माकडाचा. हा घास त्या कॅमेरावाल्या गोऱ्या काकांचा. एकदा तर त्या गोऱ्या काकांना थांबवून काकूंनी टोपी काढून दाखवायला लावली, तेव्हा कुठे शेवटचा घास आत गेला. दुर्गाघाटावरून निघालेली वरणभाताची वाटी ब्रह्माघाटापर्यंत जाऊन परत येई. पावसाळ्यात घाट पाण्याखाली गेले की मोबाइल लागे, आणि मोबाइलचं चार्जिंग संपलं की शंतू उपाशी राही.

मृण्मयी इंदूरची, बी.एड. झालेली, तोंडातून अवाक्षर न काढणारी मुलगी. गंगेपलीकडच्या एका गावात सरकारी प्राथमिक शाळेत तिची नेमणूक झाली. किती वर्षं अर्ज करत होती ते घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. नेमणूक आल्यावर कुणी नको म्हटलं नाही. मोघ्यांचं घर सुशिक्षित. काकू एवढंच म्हणाल्या, "जा की. पण शंतूला कोण भरवणार? माझे गुडघे आता घाट चढत नाहीत." गजानन म्हणाला, "आई म्हणते ते बघ बुवा," आणि श्राद्धाला निघून गेला. हजर व्हायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती.

तोवर आम्हीही त्याच गल्लीत राहायला आलो होतो. मृण्मयीनं हे मला नळावर पाणी भरता भरता सांगितलं आणि मी ते वहिनींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मोघ्यांकडे गेल्या. काकूंच्या गुडघ्यांची अशी आस्थेनं चौकशी केली की काकूंना गहिवरून आलं. मग म्हणाल्या, "काकू, तुम्हाला आराम पाहिजे. दुपारपुरतं शंतूला माझ्याकडे सोडा. तेल लावून जरा पडा. गुडघ्यांना शांती मिळेल."

"तू त्याला भरवशील ना गं?" काकूंनी विचारलं.

"त्याच्या पोटात अन्न जाईल," वहिनी म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं, फक्त कधी जाईल ते सांगितलेलं नव्हतं.

शंतू आला, खुर्चीवर बसला आणि त्यानं तोंड उघडलं. उघडून बसला. त्याच्यापुढे वाटी होती, वाटीत भरलेला चमचा होता, आणि तो त्या चमच्याकडे अशा अपेक्षेनं पाहत होता की आता हा निघेल, मग निघेल. शेजारी त्याच्याहून वर्षभरानं लहान मुलं गाल भरून जेवत होती. शंतूचं तोंड दुखायला लागलं तेव्हा त्यानं ते मिटलं आणि भोकाड पसरलं. वहिनींनी वाटी उचलली, तोंड पुसलं, पाणी पाजलं आणि त्याला खेळायला सोडलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकू खिडकीशी आल्या. पदराखाली डबा होता.

"शरयू, तो वाळला गं."

"काकू, तो सकाळी घरी दूध पिऊन येतो, शिरा खाऊन येतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन तुम्ही त्याला घाटभर फिरवता. वाळायला त्याला वेळ कधी मिळतो?"

"तुला नातू नाही, तुला नाही कळायचं."

वहिनींनी यावर खिडकी लावून घेतली.

त्या संध्याकाळी मी रेवाला न्यायला गेले, तेव्हा त्या ओट्यावर बसून चमच्यांच्या पट्ट्या बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बँकवाली, एक सांग. हा पोरगा खरंच नाही शिकला तर?"

"तुम्हीच म्हणता ना, सगळी शिकतात."

"सगळी शिकतात. पण महिनाअखेरपर्यंत शिकतात असं मी कधी म्हटलं नव्हतं. पोराला काही घाई नाही गं. त्याचं काय जातं? उद्या नाही तर सहा महिन्यांनी खाईल. नोकरी तिची जाईल." मग थोडं थांबून, "आणि म्हातारी म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं. ते तर मला अजिबात सहन होणार नाही."

हे दुसरं कारण त्यांनी मोठ्यानं सांगितलं. पहिलं हळू.

शंतू जेवला तो वहिनींच्या शास्त्रानं नाही. त्या दिवशी अर्धा दिवस रजा होती म्हणून मी तिथं होते, म्हणून खात्रीनं सांगते. काकू दाराशी आल्या होत्या, वहिनी दारात त्यांच्याशी हुज्जत घालत होत्या, आणि आत रेवाची वाटी संपली होती. शंतूची भरलेली होती. रेवानं हात लांब करून शंतूचा भरलेला चमचा उचलला आणि खाल्ला. शंतू बघत राहिला. रेवानं तो परत त्याच्या वाटीत खुपसला, भरला, खाल्ला. तिसऱ्यांदा तिचा हात आला तेव्हा शंतूनं तिच्या हातातून चमचा ओढून घेतला, आणि आता तो रेवाला मिळू नये यासाठी एकच सुरक्षित जागा त्याला दिसली. त्यानं तो आपल्या तोंडात घातला. भातासकट. मग रेवा रडायला लागली, आणि ती रडते आहे हे पाहून त्याला इतका आनंद झाला की त्यानं आणखी एक घास घेतला.

दारातली हुज्जत थांबली. काकू वहिनींच्या खांद्यावरून आत बघत होत्या. शंतूच्या भुवयांपर्यंत दहीभात होता. काकूंना वाटलं असेल की आता शरयू काहीतरी टोचून बोलेल. मलाही तेच वाटलं. पण वहिनी त्यांना म्हणाल्या, "आत या. आवाज करू नका. त्याच्याकडे बघायचंही नाही."

मृण्मयी मुदतीच्या आधी हजर झाली. सकाळी मैदागिनपर्यंत चालत, तिथून टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, पुढं बसनं. गजानन म्हणाला, "मी कधी नाही म्हटलं होतं?" आणि ते खरंच होतं.

लोकांनी वहिनींना विचारलं, कसं काय जमवलंत? त्या म्हणत, "काही नाही. आपल्या पुढ्यातलं दुसरा नेतोय असं दिसलं की माणूस आपोआप जेवायला लागतो. आमच्या इथले सगळे भाऊबंदकीचे दावे त्यावरच चालतात."

पण गोष्ट तिथं संपली नाही, कारण मोघेकाकू उरल्या होत्या. शंतू आता घरीही त्यांच्या हातचा घास घेईना. चमचाच मागायचा. काकू घास पुढे करत, तो त्यांचा हात बाजूला सारून म्हणे, "हम खुद." काकू दुपारच्या वेळी वाटी नसलेल्या हातानं घाटाच्या पायरीवर बसलेल्या दिसत. नावा जात, माकडं येत, आणि कुणाला दाखवावं असं जवळ कुणी नसे. गुडघ्यांना शांती मिळाली होती, त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

एक दिवस वहिनी पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ गेल्या. मी वरच्या पायरीवर होते. वहिनी म्हणाल्या, "काकू, माझ्याकडे आता मुलं जास्त झालीयेत. खिचडी करायला कुणीतरी पाहिजे. तुमच्या हातची बरी असते."

"बरी?" काकू म्हणाल्या. "माझ्या हातची खिचडी खायला नागपूरचे यात्रेकरू थांबायचे."

"मग या उद्यापासून. पण वाढायचं फक्त. भरवायचं नाही."

"अगदी लहान असेल त्याला?"

"त्यालाही नाही."

काकू आल्या. खिचडी खरोखरच उत्तम होती. वाढून झालं की वहिनी त्यांना मुलांसमोर बसवत आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगत. त्या वयात, तशा बाईला, शाळेतल्यासारखं हात बांधून बसलेलं पाहणं हे आमच्या गल्लीतलं एक प्रेक्षणीय स्थळ झालं. वहिनींची पाठ वळली की काकू पटकन जवळच्या मुलाच्या तोंडात एक घास सारत आणि हात पुन्हा मांडीवर. वहिनींना ते माहीत होतं. "पाणी बघते" म्हणून त्या दिवसातून ठरावीक वेळा पाठ वळवत. मला तरी पाणी बघायला त्यांना एवढ्या वेळा आत जायचं काही कारण दिसलं नाही.

वहिनींच्या घरी आतल्या खोलीत त्यांचे यजमान असत. बापू. संस्कृत महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, गोरे, गोड, मितभाषी. पाळणाघर चालू असताना ते बाहेर येत नसत आणि बंद असताना मी कधी गेले नव्हते. एका सुट्टीच्या दिवशी गेले. दार लोटलेलंच होतं. बापू पाटावर बसले होते आणि वहिनी त्यांच्या ताटातल्या आमटीतून कढीलिंब वेचून बाहेर काढत होत्या. मग त्यांनी भात मोडला, त्यावर तूप घातलं, कालवला, बोट लावून गरम आहे का पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं. बापूंनी मान डोलावली आणि पाण्याच्या भांड्याकडे बघितलं. भांडं त्यांच्या हातापासून वीतभर लांब होतं. वहिनींनी उचलून दिलं.

मी दारात उभी. वहिनींनी मला पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय असेल ते असेल.

"असं बघू नकोस," त्या म्हणाल्या. "ही केस माझ्याकडे उशिरा आली. तोपर्यंत सासूबाईंनी कोर्स पूर्ण केला होता."

बापू प्रसन्नपणे हसले. पहिल्या घासानंतर म्हणाले, "मीठ जरा कमी आहे." मीठ शेजारीच होतं.

ते जेवून आत गेल्यावर वहिनींनी चहा टाकला आणि स्वतःहूनच बोलल्या. त्यांचा मुलगा मंदार लहान असताना त्या सकाळी कॉलेजला जात. "वर्गात फळ्यावर लिहायचे, बालकास स्वावलंबी बनवावे. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. घरी आले की सासूबाईंच्या मांडीवर माझा घोडा. पाचवीत गेला तरी त्याच त्याला भरवायच्या. मी म्हटलं की म्हणायच्या, तुला वेळ नाही, मला आहे, मग तुझ्या पोटात का दुखतं? आणि खरं सांगू? मला बरंही वाटायचं. निवांतपणे पेपर तपासता यायचे." कप माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "तो आता पुण्यात आहे. मोठी कंपनी आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात सुनेचा फोन आला. म्हणाली, आई, हे ताटावर बसून माझी वाट बघत राहतात, यांना काही होतंय का?"

हे सांगताना त्या हसल्या नाहीत. मी हसले आणि मग थांबले.

याच मंदारला पुढे मुलगी झाली. सुनेनं वाढवून वाढवून दीड वर्षावर नेलेली रजा संपत आली तसे फोन वाढले. "आई, तू ये. तुझ्याशिवाय आमचं कसं होणार? तू एवढ्या लोकांची मुलं वाढवतेस, आपल्या घरची नको?" बापूंनी काशी सोडायला स्वच्छ नकार दिला. या वयात माणसं लांबलांबून मरायला काशीला येतात आणि आपण उठून पुण्याला जायचं, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं की वहिनी जाणार नाहीत. त्या गेल्या. पाळणाघर मोघेकाकूंच्या आणि एका शिकलेल्या मुलीच्या हवाली केलं. जायच्या आधी आठवडाभर त्यांनी बापूंना कुकर लावायला शिकवलं. आम्ही विचारलं, कशी प्रगती आहे? म्हणाल्या, "शिट्टी वाजली की मला हाक मारतात. म्हणजे ऐकू येतं."

त्या सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या होत्या. थंडी सुरू व्हायच्या आतच परत आल्या.

गल्लीत तर्क सुरू झाले. सुनेशी पटलं नसेल, वहिनींच्या जिभेपुढे कुणाचं पटणार. मुलानंच तिकीट काढून दिलं असेल. मोघेकाकूंनी तर डोळे पुसून सगळ्या पुण्याला दोष दिला. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून मटार सोलत होत्या. मी सरळच विचारलं.

"नाही गं, भांडण कसलं," त्या म्हणाल्या. "फार चांगली माणसं आहेत. सूनही गुणी आहे. नात तर मी जायच्या आधीच चमच्यानं खात होती, त्यांच्याकडच्या कामाच्या बाईनं शिकवलं होतं तिला."

"मग?"

"मग काय. सगळे आपापलं खातात. मंदारसुद्धा शिकलाय. तो येतो, फ्रिजमधून डबा काढतो, गरम करतो, आपल्या खोलीत जातो आणि कॉम्प्युटरसमोर खातो. ती तिच्या खोलीत, तिच्या मीटिंगमध्ये खाते. बच्ची तिच्या उंच खुर्चीत, समोर टॅब, एकटी. चमचा इतका सुंदर धरते म्हणून सांगू. एक शीत सांडत नाही. माझं ताट मी करून घ्यायची आणि गॅलरीत बसायची." एक दाणा घरंगळून खाली गेला, तो उचलून त्यांनी पातेल्यात टाकला. "आयुष्यभर लोकांना जे सांगत आले ते सगळं तिथं अमलात आणलेलं होतं. मला शिकवायला काही उरलंच नव्हतं."

मी काहीतरी धीराचं बोलायला गेले.

"मटार सोल," त्या म्हणाल्या. "हात रिकामे आहेत तुझे."

परत आल्यावर पाळणाघरात फारसं काही बदललं नाही. जीभ तीच होती, चमचे तेच. दांड्यांना नवीन साडीच्या पट्ट्या आल्या. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. पूर्वी वहिनी मुलांच्या रांगेपुढे परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारख्या उभ्या असत आणि स्वतः नंतर, सगळं पुसून झाल्यावर, उभ्या उभ्याच काहीतरी खात. आता त्या मुलांच्या रांगेत फरशीवर बसून त्यांच्याबरोबर जेवू लागल्या. बापूंनाही बाहेर आणून बसवलं. ते मुलांच्या गोंधळात आधी बिचकले. मग समोरच्या दीड वर्षाच्या पोरानं पाण्याचं भांडं आपल्या हातानं उचललं, ते पाहून त्यांनीही आपलं उचललं. याचं श्रेय वहिनींनी त्या पोरालाच दिलं.

आमची बदली नाशिकला झाली. रेवा तोवर शाळेत जायला लागली होती. निघायच्या दिवशी दुपारी मी वहिनींना भेटायला गेले. जेवणाची वेळ होती, म्हणून हाक मारली नाही, खिडकीशी थांबले. आत रांग बसली होती. मोघेकाकू हात मांडीवर ठेवून जेवणाऱ्या मुलांकडे बघत होत्या, बापू भात कालवत होते, थोडा ताटाबाहेर. वहिनींच्या शेजारी एक नवीन मुलगी होती, वर्षाचीही नसेल. लाळेऱ्यावर, गालांवर, केसांत खिचडी. तिनं वाटीत चमचा खुपसून बऱ्याच खटपटीनं भरून वर आणला. तोंडापर्यंत नेला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिथं थांबली, वळली आणि तो चमचा वहिनींच्या तोंडापुढे धरला.

चमचा थरथरत होता. अर्धी खिचडी वहिनींच्या त्या कडक निऱ्यांवर पडली. मला वाटलं, आता त्या म्हणतील, हात तुझा, तोंड तुझं. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाकल्या आणि तोंड उघडलं. घास हनुवटीला लागून मग आत गेला. त्या सावकाश चावत राहिल्या. मुलगी त्यांच्या तोंडाकडे लक्षपूर्वक बघत होती.

तेवढ्यात त्यांना मी खिडकीत दिसले.

"काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "शिकतेय ती. अजून हात स्थिर नाही."

आणि मुलीनं पुन्हा चमचा भरायला घेतला तेव्हा माझ्याकडे पाठ करून त्या तिच्याकडे वळल्या आणि वाट बघत बसल्या.